धर्मगुरू, लेखक आणि धाराशिवचा कौल

१० जानेवारी २०२०. तेव्हाच्या उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवात, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू होत होते. उद्घाटक होते कवी ना. धों. महानोर. ‘तिकडे जाऊ नका’ असे पत्रांतून आणि फोनवरून त्यांना आधीच बजावले गेले होते. कारण एकच, संमेलनाध्यक्ष ख्रिस्ती धर्मगुरू होते. महानोर आले. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाठीच्या दुखण्याने इतके हैराण होते की चाकाच्या खुर्चीवरून मंचावर आले. समोर मराठवाड्याचा माणूस गर्दी करून बसला होता. त्याने धर्मगुरूचे भाषण ऐकले, पुस्तकांचे स्टॉल पालथे घातले आणि तीन दिवसांचे संमेलन नीट पार पाडले.

वर्षभरापूर्वी यवतमाळच्या संमेलनात वेगळे घडले होते. विरोधाच्या धमक्या आल्या आणि ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले. तशीच धमकीची भाषा उस्मानाबादबाबतही वापरली गेली. पण मराठवाडा साहित्य परिषदेच्या स्थानिक शाखेने, गावातल्या लहानमोठ्या कार्यकर्त्यांनी आणि साहित्य महामंडळाने पाऊल मागे घेतले नाही. दुष्काळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या जिल्ह्याने त्या जानेवारीत मराठी साहित्याची लाज राखली.

दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. श्रद्धांजलीपर लेख आले, दोन-चार सभा झाल्या आणि विषय मिटला. पण त्यांच्या निवडीने जो प्रश्न उभा केला तो मिटलेला नाही. कडक धार्मिक शिस्तीत वाढलेल्या, त्यातही ती शिस्त आयुष्यभर अंगाखांद्यावर वागवलेल्या लेखकाला मराठी वाचकाने कसे जोखायचे?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे फिरत असतात. पहिले उत्तर म्हणते, हा आपला नाही, याच्या लेखणीमागे धर्मप्रसार दडला आहे. दुसरे उत्तर स्वतःला पुरोगामी समजणारे देतात. धर्माच्या चौकटीत राहणारा माणूस खरा लेखक असूच शकत नाही, आधी बाहेर पड, मग तुझे ऐकू. वरवर ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी वाटतात, पण पुस्तक न उघडता लेखकाचा निकाल लावण्याची घाई दोघांनाही सारखीच आहे. दिब्रिटोंचे आयुष्य नीट पाहिले तर दोन्ही उत्तरे खोटी ठरतात.

त्यांचा जन्म वसई तालुक्यातल्या नंदाखालचा. केळीच्या, फुलांच्या, पानवेलींच्या वाड्यांचा हा टापू. घरात सामवेदी बोली, जिला कादोडीही म्हणतात. गावात चर्च. त्या काळच्या वसईतल्या कॅथलिक घरात दिवस चर्चच्या घंटेने उजाडे आणि घंटेनेच मावळे. संध्याकाळी सगळ्या घराने गुडघे टेकून रोझरीची माळ म्हणायची. रविवारची मिस्सा चुकवणे म्हणजे पाप. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळायचा, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी तोंडपाठ करायची, पापनिवेदनाला जायचे. मिस्सेची भाषा लॅटिन. लोकांना ती कळत नसे, पण ऐकून ऐकून ओठांवर बसलेली असे. अशा घरातला मुलगा धर्मगुरू व्हायला निघाला तर ती साऱ्या गावाची प्रतिष्ठा. आणि सेमिनरीची शिस्त घराहूनही करडी. उठणे, जेवणे, अभ्यास, मौन, प्रार्थना, सगळे वेळेवर आणि सगळे आज्ञेबरहुकूम.

या शिस्तीतून बाहेर पडणारा तरुण एकतर बंड करून उठतो किंवा साच्यातून काढल्यासारखा निघतो, असा आपला समज असतो. दिब्रिटोंच्या बाबतीत तिसरेच घडले आणि त्याला त्या काळाचाही हातभार लागला. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिने लॅटिनच्या जोडीने लोकभाषांतल्या उपासनेला वाट करून दिली, इतर धर्मांतही सत्य आणि पावित्र्य असल्याचे मान्य केले आणि चर्चने जगाच्या सुखदुःखात सहभागी व्हावे असे सांगितले. हजारबाराशे वर्षांच्या सवयी बदलायला निघालेल्या या काळात ज्यांची घडण झाली आणि १९७२ मध्ये ज्यांना गुरुदीक्षा मिळाली, त्या दिब्रिटोंच्या पिढीला वसईच्या वेदीवर मराठी उभी करण्याची संधी चालून आली. दिब्रिटोंनी ती दोन्ही हातांनी घेतली. वसईचे चर्च मराठी मातीत मुरावे, तिथल्या प्रवचनाला ज्ञानेश्वर-तुकाराम परके वाटू नयेत, हा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

‘सुवार्ता’ हे मासिक त्यांच्या कामाचा कणा. १९८३ ते २००७, म्हणजे जवळजवळ पाव शतक, ते त्याचे संपादक होते. चर्चच्या मासिकाने चर्चच्या बातम्या छापाव्यात, संतांचे सण सांगावेत आणि बिशपांची पत्रे द्यावीत, एवढीच अपेक्षा असते. दिब्रिटोंनी ते मासिक वसईच्या वाडीबाहेरच्या वाचकापर्यंत नेले. पाणी, जमीन, स्त्रियांचे प्रश्न, शिक्षण, राजकारणातली गुंडगिरी, सगळ्याला त्यात जागा मिळाली आणि वेगवेगळ्या धर्मांतले लेखक त्यात लिहू लागले. आज वसईत सिसिलिया कार्व्हालो, सायमन मार्टिन यांच्यासारखे ठसठशीत मराठी लेखक-कवी दिसतात. ती समृद्धी एका माणसाची देणगी नाही, हे खरे. पण वसईच्या ख्रिस्ती समाजाने मराठीतच लिहावे आणि ताठ मानेने लिहावे, हे वातावरण तयार करण्यात ‘सुवार्ता’चा वाटा मोठा आहे.

मग हरित वसईचे आंदोलन आले. मुंबई फुगत फुगत वसईच्या दारात आली होती. शेतजमिनींवर इमारतींचे नकाशे पडू लागले, विहिरींचे गोडे पाणी टँकर भरभरून बाहेर जाऊ लागले आणि या सगळ्याला गुंडांच्या दहशतीचे संरक्षण मिळाले. लोक घरात बसून चरफडत होते. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली दिब्रिटो रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यामागे सर्व धर्मांचे वसईकर उतरले. प्रवचनाच्या पीठावरून पर्यावरणाविषयी बोलणे सोपे असते. ज्यांच्या नावानेही लोक थरथर कापत त्यांच्या विरोधात मोर्चा काढायला वेगळे काळीज लागते. वसईची हिरवाई पुरती वाचली नाही, हे आज लोकल गाडीच्या खिडकीतूनही दिसते. पण जे वाचले ते या लढ्यामुळे वाचले आणि भीतीने मिटलेली तोंडे उघडली ती या लढ्यामुळेच.

लेखक म्हणून त्यांचे सर्वांत मोठे काम ‘सुबोध बायबल’. बायबलची मराठी भाषांतरे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून होत आली आहेत. पण ती बहुतेक मिशनरी मराठीत, घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेपासून फटकून राहणारी. त्यामुळे ख्रिस्ती नसलेला मराठी वाचक त्यांच्याकडे वळलाच नाही. दिब्रिटोंनी अनेक वर्षे खपून जुना आणि नवा करार सोप्या, प्रवाही मराठीत आणला, सोबत इतिहास-भूगोलाच्या टिपा दिल्या आणि ‘राजहंस प्रकाशन’सारख्या सर्वसाधारण मराठी वाचकाच्या प्रकाशनसंस्थेकडून तो ग्रंथ आला. एका समाजाच्या देव्हाऱ्यातला ग्रंथ साऱ्या मराठी वाचकांच्या टेबलावर ठेवणे, हे सांस्कृतिक काम आहे. ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’मध्ये त्यांनी इस्रायल-पॅलेस्टाईनचा गुंता उलगडला. ‘ओॲसिसच्या शोधात’मध्ये प्रवास आला, ‘नाही मी एकला’मध्ये आत्मकथन.

इथे दुसऱ्या दोन मराठी लेखकांची आठवण करणे आवश्यक आहे. कडक धर्मातून आलेल्या लेखकाची वाट एकच नसते, हे त्यांच्यामुळे कळते.

लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात जन्मल्या. त्यांच्या वडिलांना सोवळ्याने इतके झपाटले होते की बाजारातून आलेले मीठदेखील धुऊन घेतले जाई. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि या बाईचे जग उलटेपालटे झाले. नवऱ्यापासून कित्येक वर्षे दूर राहून, मनातल्या विटाळाशी झगडत, एकेक गाठ स्वतःच्या हाताने सोडवत १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली आणि मराठी गद्यातला मानदंड ठरली. त्यांनी सोवळे सोडले, पण सोवळ्यात बुडालेल्या वडिलांना राक्षस केले नाही. त्या वेडामागे १८५७ नंतर घराण्यावर कोसळलेला आघात होता, हेही त्यांनी सांगितले. धर्म बदललेल्या स्त्रीने सोडलेल्या घराबद्दल इतक्या मायेने आणि इतक्या स्वच्छ नजरेने लिहावे, याचे दुसरे उदाहरण मराठीत सहज सापडत नाही.

हमीद दलवाई यांची वाट आणखी वेगळी. १९३२ साली चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेले दलवाई ‘लाट’मधल्या कथांनी आणि ‘इंधन’ या कादंबरीने लेखक म्हणून पुढे आले. पण समाजातले प्रश्न त्यांना केवळ कथेत मांडून स्वस्थ बसवेनात. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला आणि तोंडी तलाकविरुद्ध आवाज उठवला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. ३ मे १९७७ रोजी, वयाची पंचेचाळिशीही गाठण्याआधी, मूत्रपिंडाच्या विकाराने ते गेले. दलवाई श्रद्धेच्या बाहेर उभे राहून स्वतःच्या समाजाशी भांडले. पण समाज सोडून गेले नाहीत.

एकीने धर्म बदलला, एकाने श्रद्धा बाजूला ठेवली, एक धर्माच्या झग्यातच राहिला. तिघांनाही आपापल्या माणसांकडून आणि परक्यांकडूनही त्रास झाला. आणि तिघांचेही मोल त्यांच्या निर्णयावरून ठरत नाही. ते ठरते त्यांनी आपल्या घराला कोणते अवघड प्रश्न विचारले यावर आणि ते साऱ्या मराठी माणसांना कळतील अशा भाषेत मांडले की नाही यावर. कडक धर्म लेखकाला खूप काही देतो. रोजचे पाठांतर त्याच्या कानात लय भरते, पापनिवेदनाची सवय आत्मपरीक्षण शिकवते, ग्रंथाच्या एकेका ओळीवर तासन्तास बसण्याचा सराव होतो. तोच धर्म भीतीही देतो, गप्प बसण्याची खोडही लावतो. यातले काय ठेवले आणि काय टाकले, यातून लेखक घडतो.

दिब्रिटोंच्या बाबतीत एक मर्यादा मान्य केलीच पाहिजे. कॅथलिक धर्मगुरू आपल्या बिशपला आज्ञाधारक राहण्याचे वचन दीक्षेच्या वेळी देतो. अशा माणसाकडून चर्चच्या मूळ रचनेवर दलवाईंसारखा थेट घाव कोणी अपेक्षू नये. चर्चमधल्या सत्तेविषयी, स्त्रियांच्या स्थानाविषयी कठोर लेखन हवे असलेल्या वाचकाला त्यांच्यापलीकडे जावे लागेल. पण मर्यादा म्हणजे अपात्रता नव्हे. अशी मोजपट्टी लावायची ठरवली तर मराठी वाङ्मयातून निम्मे संत बाहेर काढावे लागतील.

त्यांच्या निवडीला विरोध करणाऱ्यांच्या मनातल्या संशयालाही इतिहास आहे, तो झाकून चालणार नाही. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. चिमाजी आप्पांनी ती जिंकली तेव्हा महाराष्ट्राने आनंद केला, तो काही उगाच नाही. गोव्यात १५६० साली सुरू झालेल्या इन्क्विझिशनने लोकांचा अनन्वित छळ केला आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषांवर बंदीचे फर्मान काढले. पण त्याच गोव्यात त्याआधी फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले होते. १६१६ मध्ये रायतूरला ते छापले गेले. भाषा चिरडणारी सत्ता आणि भाषेपुढे नतमस्तक झालेला पाद्री, दोघेही ख्रिस्तीच. दिब्रिटो या दुसऱ्या परंपरेतले. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीज सत्तेचा हिशेब नंदाखालच्या शेतकऱ्याच्या मुलाकडून मागणे हा अन्याय आहे. ही माणसे इथलीच आहेत, त्यांची बोली मराठीची, त्यांच्या ओव्या इथल्या. धर्म बदलला म्हणून माती बदलली नाही.

आता धाराशिवकडे पाहू. या संमेलनाच्या परिसराला संत गोरोबाकाकांचे नाव दिले होते. तेरच्या या कुंभाराची कथा वारकऱ्यांच्या घराघरात सांगितली जाते. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईने विचारले, यातले कोणते मडके पक्के? गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले. त्यांनी कुणाची जात पाहिली नाही, कुणाचा मान पाहिला नाही. ठोकून आवाज ऐकला. लेखकालाही असेच ठोकून पाहावे लागते, त्याच्या लेखनाने. धमकीची पत्रे लिहिणाऱ्यांनी दिब्रिटोंचे एखादे पुस्तक हातात घेतल्याचे कुठेही दिसले नाही.

गोरोबांच्या या जिल्ह्याला अनेक धर्मांच्या शेजाराची सवय आहे. तुळजापूरची भवानी आहे, धाराशिव शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा दर्गा आहे, भूम तालुक्यात कुंथलगिरीचे जैन तीर्थ आहे. तेर हे प्राचीन तगर, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमशी व्यापार करणारे नगर. आजही तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा पाहायला मिळतात. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या माणसांशी देवघेव करणाऱ्या प्रदेशाने वसईच्या पाहुण्याला परके मानले असते तर ते त्याच्या स्वभावाला धरून झाले नसते. निजामी राजवटीत आणि रझाकारांच्या काळात या भागाने धर्माच्या नावावर झालेली होरपळ सोसली आहे. धर्मद्वेषाची किंमत काय असते, हे इथल्या जुन्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मंचावरून दिब्रिटोंनीही पाहुण्यासारखी गोडगोड भाषा केली नाही. अवघ्या पाच दिवसांपूर्वी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थ्यांवर हल्ला झाला होता. त्याचा त्यांनी निषेध केला आणि अशा वेळी लेखकाने गप्प राहू नये असे सांगितले. आपल्या निवडीवरून वाद पेटलेला असताना, प्रकृती साथ देत नसताना मिळमिळीत बोलून वेळ मारून नेणे सोपे होते. त्यांनी ते केले नाही. संमेलनाध्यक्षपद म्हणजे नुसता हार-तुरा आणि ग्रंथदिंडी मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. २०१८ मध्ये साहित्य महामंडळाने अध्यक्षाची निवडणूक बंद करून सन्मानाने निवड करण्याची पद्धत आणली. अरुणा ढेरे पहिल्या, दिब्रिटो दुसरे. जुन्या मतपत्रिकेच्या धामधुमीत वसईचा एक धर्मगुरू निवडून आला असता का, याची शंकाच आहे. या पद्धतीवर टीका होते आणि काही टीका रास्तही आहे. पण अल्पसंख्य समाजातल्या लेखकाला मध्यवर्ती व्यासपीठ देण्याचे धैर्य ती दाखवू शकली, हे मान्य करावे लागेल. ते धैर्य एकदाच दाखवून थांबता येणार नाही. मराठी मुसलमान लेखक, मराठी जैन लेखक, महानुभाव, लिंगायत, बौद्ध, भटके-विमुक्त लेखक आपापल्या घरातली धार्मिक शिस्त, तिच्यातले भले आणि तिच्यातला जाच लिहीत आहेत. त्यांच्याकडे ‘त्यांचे साहित्य’ म्हणून पाहिले जाते, मुख्य साहित्य म्हणून नाही. वेगळ्या धर्मातल्या लेखकाचे पुस्तक विशेषांकापुरते चर्चेत येते आणि मग वेगळ्या कपाटात जाते. ही सवय मोडली पाहिजे.

सुरुवात धाराशिवनेच करावी, कारण हक्क त्याचा आहे. जिल्ह्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी ‘स्मृतिचित्रे’, ‘इंधन’, ‘सुबोध बायबल’ आणि ‘नाही मी एकला’ ही पुस्तके एकाच कपाटात, समोर दिसतील अशी ठेवावीत. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी दिब्रिटोंच्या अध्यक्षीय भाषणावर विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे, ते पटले तर का आणि न पटले तर का. वसईच्या संस्थांनी आणि विद्यापीठांनी मिळून ‘सुवार्ता’चे जुने अंक संगणकीय स्वरूपात सर्वांना खुले करावेत. एका समाजाचा पाव शतकाचा मराठी विचार त्यात आहे. आणि ज्यांनी २०२० मध्ये विरोध केला त्यांनी आता, वाद थंडावल्यावर, दिब्रिटोंचे एक तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचावे. वाचून विरोध कायम राहिला तर तो लिहून मांडावा. मराठी साहित्यात मतभेदाची जागा कागद आहे आणि ती सर्वांना मोकळी आहे.